दोन विमानांच्या मधली प्लेट

पिंप्राळ्यातून कोणी परदेशी निघाले की एके काळी निरोपाला निम्मी गल्ली जळगाव स्टेशनवर जमत असे. आता त्याचे अप्रूप राहिले नाही. कोणाचा मुलगा अमेरिकेत, कोणाची मुलगी सिंगापूरला, कोणाचे जावई दुबईत. सुनेचे किंवा लेकीचे बाळंतपण आले की साठी ओलांडलेले आईवडील बॅगा भरतात. पंढरपूर, काशी, फार तर रामेश्वर एवढाच ज्यांचा लांबचा प्रवास, ती माणसे एकदम सातासमुद्रापार निघतात.

निघण्यापूर्वी ही मंडळी दवाखान्यात येतात. सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून घेतात, इंग्रजीत चिठ्ठी मागतात, कान दुखेल का, सर्दी होईल का, असे पुष्कळ विचारतात. एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही : "डॉक्टरसाहेब, मधल्या विमानतळावर काय खायचे?" प्रवासातली पोटाची, साखरेची आणि रक्तदाबाची बरीचशी दुखणी सुरू होतात ती नेमकी तिथेच. म्हणून या आठवड्यात त्याविषयी.

भूक अवेळी लागते

आपल्या माणसाचा प्रवास कसा होतो ते पाहा. जळगावहून रात्रीच्या गाडीने मुंबई. तिथे नातेवाइकाकडे आंघोळ, दोन घास. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी विमानतळावर हजर. मग पहिले विमान, आणि दुबई, दोहा, फ्रँकफर्ट किंवा सिंगापूर येथे उतरून दुसऱ्या विमानाची वाट. ती कधी दीड तासाची, कधी सहा तासांची. घड्याळ बदललेले, झोप मोडलेली, आणि पोट मात्र पिंप्राळ्याच्या वेळेवर चाललेले. रात्री अडीच वाजता कडकडून भूक लागते.

समोर दहा गाळे असतात. बर्गरमध्ये कोणते मांस आहे याची धास्ती, कोरडा पाव घशाखाली उतरत नाही. त्यातल्या त्यात ओळखीचे दिसते ते एकच : वाफाळणारा भात, नूडल्स, वर भाज्या, थोडी मिरची. चिनी, थाई, मलेशियन, जपानी, नावे निरनिराळी. आपण सगळ्याला 'चायनीज' म्हणतो. ते आपल्याला परकेही नाही. आपल्याकडे संध्याकाळी चायनीजची गाडी लागली नाही असा चौक शोधावा लागेल. आपले लाडके मंचुरियन तर चीनमधून आलेलेच नाही. नेल्सन वँग या कलकत्त्याकडून आलेल्या आचाऱ्याने १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लबात आले, लसूण, हिरवी मिरची आणि सोया सॉस एकत्र करून ते पहिल्यांदा केले, असे सांगितले जाते.

तेव्हा विमानतळावरची ही प्लेट खावी की नाही? माझे मत स्पष्ट आहे. खावी. प्लेटला दोष देऊ नये. दोष असतो घाईचा, कोमट भाताचा, मिठाचा आणि गोळी चुकीच्या वेळी घेण्याचा. आपण मात्र या चौघांना सोडून भलत्यालाच धरून बसलो आहोत.

अजिनोमोटोचा बागुलबुवा

ते भलते म्हणजे अजिनोमोटो. चायनीज म्हटले की आपल्याकडे शिकलेली माणसेही दबक्या आवाजात हा शब्द उच्चारतात. हे काय आहे? १९०८ साली टोकियोचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी समुद्रशेवाळाच्या रश्शाची चव कशामुळे येते याचा शोध घेतला आणि ग्लुटामेट हा पदार्थ वेगळा काढला. पुढच्याच वर्षी तो अजिनोमोटो या नावाने बाजारात आला. हेच ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत असते, आईच्या दुधातही असते.

मग बदनामी कशी झाली? १९६८ साली अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट हो मॅन क्वोक यांनी एका वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिले. चिनी हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते, धडधडते, अशक्तपणा वाटतो, अशी त्यांची तक्रार होती. कारण काय असावे याचे त्यांनी तीन-चार अंदाज केले होते. त्यात सोया सॉस होता, स्वयंपाकातली दारू होती, अजिनोमोटो होते आणि जेवणातले भरमसाठ मीठही होते. जगाने त्यातले अजिनोमोटो तेवढे उचलले आणि मीठ विसरून गेले.

पुढे रुग्णाला न सांगता केलेल्या चाचण्यांत हा आजार सातत्याने दिसून आला नाही. १९९५ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तज्ज्ञांकडून अहवाल घेतला. त्याचा निष्कर्ष असा, की रिकाम्या पोटी ३ ग्रॅम किंवा त्याहून जास्त घेतल्यास काही लोकांना थोडा वेळ डोकेदुखी, घाम, धडधड असा सौम्य त्रास होऊ शकतो. एका प्लेटमध्ये हे प्रमाण साधारणपणे अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असते. ज्यांना खाल्ल्यावर खरोखर त्रास होतो त्यांनी खाऊ नये. बाकीच्यांनी त्याच्या भीतीने विमानतळावर उपाशी बसू नये.

खरा अपराधी : कोमट भात

आता ज्याच्याकडे कोणी पाहत नाही त्या भाताकडे वळू. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूची बीजे असतात. भात शिजवताना जंतू मरतात, बीजे मरत नाहीत. भात गरम गरम खाल्ला तर काही बिघडत नाही. पण शिजलेला भात तासन् तास उघड्यावर कोमट राहिला, की ही बीजे रुजतात, जंतू वाढतात आणि एक विष तयार करतात. गंमत अशी, की हे विष भात पुन्हा तव्यावर परतून नष्ट होत नाही.

फ्राइड राइसची पद्धतच अशी, की ताज्या भातापेक्षा आदल्या वेळचा मोकळा भात बरा लागतो. शीतकपाटात ठेवला तर दाणे चिकटतात, म्हणून पुष्कळ ठिकाणी तो बाहेरच ठेवला जातो. १९७१ नंतर इंग्लंडमध्ये चिनी हॉटेलांतील भाताने उलट्या झाल्याच्या घटना लागोपाठ उघडकीस आल्या, तेव्हा डॉक्टरांचे या जंतूकडे लक्ष गेले. खाल्ल्यापासून एक ते सहा तासांत मळमळ व उलट्या सुरू होतात. म्हणजे विमान आकाशात असताना. निरोगी तरुण माणूस यातून एका दिवसात उठतो. पण साठीतला, मधुमेहाची गोळी घेतलेला माणूस तीस हजार फुटांवर उलट्या करू लागला तर त्याच्यावर काय प्रसंग येतो, याची कल्पना करा.

त्यामुळे नियम सोपा ठेवावा. आपल्यासमोर मोठ्या आचेवर परतून दिलेले, हाताला चटका बसेल इतके गरम, ते घ्यावे. काचेआड तासन् तास मांडून ठेवलेल्या, वाफ गेलेल्या परातीतले घेऊ नये. गरम अन्न ६० अंशांच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या खाली राहिले पाहिजे. मधला सगळा टापू जंतूंचा. दुसरे, ज्या गाळ्यावर गर्दी आहे तिथे उभे राहावे. पाच मिनिटे जास्त लागतील, पण तिथला माल पडून राहत नाही. चिनी कढईची पद्धत मुळात चांगलीच आहे : आच मोठी, वेळ थोडा, भाज्या करकरीत. वाफवलेला साधा भात आणि परतलेल्या भाज्या, किंवा भाज्यांचे उकळते सूप, यासारखे प्रवासातले जेवण नाही. मुंबईच्या विमानतळावर गरम इडली मिळते, तीही तितकीच उत्तम.

जाता जाता आपल्या चौकातल्या गाडीविषयी. २०२४ साली गोव्यातील म्हापसा नगरपालिकेने गोबी मंचुरियनच्या गाड्यांवर बंदी घातली, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांना मनाई केली. तपासणीत कापड रंगवण्याचा ऱ्होडामाइन हा रंग सापडला होता. लालभडक दिसते ते चविष्ट असते, हा समज गावातही सोडावा आणि विमानतळावरही.

मिठाचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. ५ ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात २ ग्रॅमहून अधिक मीठ असते. गरम पाणी ओतून खायच्या पेल्यातल्या नूडल्सचा मसाला पूर्ण वापरला तर अडीच ते चार ग्रॅम मीठ सहज पोटात जाते. म्हणजे दिवसाचा बहुतेक कोटा एका पेल्यात संपतो, आणि पुढे विमानातले जेवण बाकीच असते. उंचावर जिभेला खारट-गोड कमी जाणवते, म्हणून विमानातले जेवणही सढळ मिठाचे असू शकते.

रक्तदाब असलेल्यांनी, हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनी हे गांभीर्याने घ्यावे. दहा-बारा तास पाय लोंबकळत बसायचे, वर एवढे मीठ. उतरताना चप्पल पायात जात नाही ती उगाच नाही. उपाय कठीण नाहीत. सॉस वेगळा मागावा आणि अर्धाच घालावा. सूप असेल तर भाज्या, नूडल्स खाव्यात, तळाचा रस्सा ठेवून द्यावा. पेल्यातल्या नूडल्सचा मसाला अर्धी पुडीच घालावी. रक्तदाबाची गोळी प्रवासातही चुकवू नये.

येथे सरकारलाही एक सूचना करावीशी वाटते. दहा किंवा अधिक शाखा असलेल्या साखळी हॉटेलांनी पदार्थासमोर उष्मांक लिहावेत, असा नियम आपल्याकडे २०२० च्या नियमावलीने आला. तो चांगलाच आहे. पण न्यूयॉर्क शहराने २०१५ सालीच एक पाऊल पुढे टाकले. ज्या पदार्थात चमचाभर मिठाइतके सोडियम आहे, त्याच्यापुढे मीठदाणीचे चिन्ह लावणे साखळी हॉटेलांना सक्तीचे केले. अक्षर न वाचणाऱ्या आजीलाही ते चिन्ह कळते. आपल्या विमानतळांवर आणि रेल्वे स्थानकांवर असे चिन्ह का नसावे?

गोळी आधी की ताट आधी?

मधुमेही वाचकांनी हा भाग कात्रण करून ठेवावा. घरी आपण गोळी घेतो आणि दहा मिनिटांत समोर ताट येते. प्रवासात तसे होत नाही. गोळी घेतली, तेवढ्यात दरवाजा बदलल्याची घोषणा झाली, आणि मंडळी बॅगा ओढत विमानतळाच्या दुसऱ्या टोकाला पळाली. जेवण राहिले. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन पोटात काम करीतच असते. अर्ध्या-एक तासात घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात घोळ. भोवतालचे परके लोक म्हणतात, म्हातारबाबा घाबरलेत. प्रत्यक्षात साखर घसरलेली असते, आणि यात जीवही जाऊ शकतो.

म्हणून प्रवासापुरता नियम उलटा करावा : आधी ताट समोर, मग गोळी. खिशात साखर ठेवावीच. वरील लक्षणे दिसताच तीन चमचे साखर तोंडात टाकावी, पाणी प्यावे, आणि पंधरा मिनिटांनी काहीतरी खावे. सोबतच्या माणसाला हे आधीच समजावून ठेवावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नये. लगेच मदत बोलवावी. इन्सुलिन सामानाच्या बॅगेत कधीही टाकू नये. तिथे ते गोठून निकामी होऊ शकते. हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवावे. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, पूर्वेकडे जाताना आखूड होतो. त्याप्रमाणे इन्सुलिनची मात्रा व वेळ बदलावी लागते. ती आपल्या डॉक्टरांकडून निघण्यापूर्वीच कागदावर लिहून घ्यावी.

प्लेटविषयी एवढेच, की मैद्याच्या नूडल्स आणि गोड-आंबट चिकट सॉस साखर झपाट्याने वाढवतात. भाज्या, अंडे, पनीरसारखे सोयाचे टोफू जास्त आणि नूडल्स निम्म्या, असे सांगावे. पण काहीच मनासारखे मिळत नसेल तर उपाशी राहण्यापेक्षा नूडल्स बऱ्या. गोळी चालू असलेल्या म्हाताऱ्या माणसाला एका वेळच्या नूडल्सपेक्षा उपास जास्त घातक आहे.

उंचावरचे पोट

विमानात हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगराइतका कमी असतो. त्यामुळे पोटातला वायू सुमारे एक तृतीयांशाने फुगतो. तळलेले मंचुरियन, वर फसफसणारे थंड पेय, असे भरगच्च खाऊन विमानात बसलेला माणूस पोट धरून तळमळतो आणि त्याला वाटते हृदयविकार झाला. पोट तीन चतुर्थांश भरावे, फसफसणारे पेय टाळावे, साधे पाणी घोट घोट पीत राहावे. छातीत खरोखर दाटून आले, घाम फुटला, तर मात्र वायू समजून गप्प बसू नये, विमानातल्या सेवकांना सांगावे.

शाकाहारी माणसाची अडचण

आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका पाहून निर्धास्त खाता येते. बाहेर ती सोय नाही. थाई पदार्थात भाज्याच दिसल्या तरी सॉस मासळीचा असू शकतो. सिंगापूर-मलेशियाकडच्या तिखट वाटणात सुकी कोळंबी घालतात. चिनी भाजीत कालवांचा सॉस असतो. ज्यांना कोळंबी-कालवांची किंवा शेंगदाण्याची अॅलर्जी आहे, त्यांच्यासाठी तर हा धर्माचा नाही, जिवाचा प्रश्न आहे. मुलांनी आईवडिलांना इंग्रजीत एक चिठ्ठी लिहून द्यावी : मांस नाही, मासे नाहीत, मासळीचा सॉस नाही, अंडे चालते किंवा चालत नाही. ही चिठ्ठी गाळ्यावर दाखवायला लाज कसली? विचारणे हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे.

शिदोरीचे शास्त्र

आपल्या आयाबायांना शिदोरीचे शास्त्र पक्के ठाऊक होते : ओले आधी संपवायचे, कोरडे पुढे न्यायचे. दुधातल्या दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, फुटाणे, भाजलेले शेंगदाणे विमानाच्या प्रवासालाही उत्तम. वांग्याचे भरीत आपला कितीही जीव की प्राण असले तरी ते ओले. दहा तास डब्यात राहिलेले भरीत आणि कोमट भात यांत जंतूंना फरक वाटत नाही. लोणचे, दही, ओली चटणी हे तपासणीत द्रवपदार्थात मोडते. २००६ पासून आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या पिशवीत १०० मिलिलिटरहून मोठी बाटली बहुतेक ठिकाणी चालत नाही. पापड, शेव आणि ठेचा यांतही मीठ पुष्कळ असते, हे घरच्या प्रेमापोटी विसरू नये.

आणि आपले केळे! निसर्गानेच बांधून दिलेले, सोलून खायचे, हात धुवायला पाणी नसले तरी चालणारे. मात्र शेवटच्या मुक्कामी विमान उतरण्यापूर्वी ते संपवावे. अमेरिकेसारख्या देशांत बाहेरची फळे आत नेऊ देत नाहीत, आणि लपवून नेल्यास दंड होतो.

मुलांना दोन शब्द

आता जे तिकिटे काढतात त्यांच्याशी बोलायचे आहे. हा अंक तुमच्या हाती पडणार नाही, पण तुमचे काका-मामा तुम्हाला वाचून दाखवतील. बाबांनो, पाच-सात हजार रुपये वाचतात म्हणून दोन विमानांमध्ये सव्वा तासाचे अंतर असलेले तिकीट आईवडिलांसाठी काढू नका. तुम्ही तरुण, तुम्ही धावाल. त्यांचे गुडघे धावत नाहीत, पाटीवरचे इंग्रजी त्यांना पटकन वाचता येत नाही, आणि विमान चुकेल या धास्तीने ती दोघे जेवतच नाहीत. मिळेल ते उभ्याने गिळतात, नाहीतर उपाशी चढतात. किमान तीन तासांचा मधला वेळ हा चैनीचा भाग नाही, तो त्यांच्या औषधाचा भाग आहे. चाकाच्या खुर्चीची नोंद तिकिटाबरोबरच करा. मागणे त्यांना कमीपणाचे वाटते, म्हणून तुम्हीच करा. आणि जेवणासाठी थोडे परकी चलन त्यांच्या हातात ठेवा. "एवढ्या पैशांत आपल्याकडे आठवड्याचा बाजार येतो" असा हिशेब करून एका प्लेटपासून माघारी फिरणारे आईवडील काही थोडे नाहीत. त्यांना आधीच बजावून सांगा, की ती प्लेट महाग असली तरी घ्यायचीच आहे.

थोडक्यात लक्षात ठेवण्यासारखे :

१) समोर केलेले, वाफाळते तेच खावे, कोमट भात नको.
२) सॉस वेगळा व अर्धा, रस्सा तळाला सोडावा.
३) ताट समोर आल्यावरच मधुमेहाची गोळी, खिशात साखर.
४) पोट थोडे रिकामे, पाणी भरपूर, फसफसणारे पेय नको.
५) खाण्याविषयीची इंग्रजी चिठ्ठी आणि औषधांची चिठ्ठी एकाच पाकिटात, हातातल्या पिशवीत.
६) बसून, चावून, निदान वीस मिनिटे जेवावे.

भुसावळला गाडी थांबली की पुरीभाजीसाठी उडी मारायची आणि शिट्टी झाली की तोंडात घास घेऊन धावायचे, ही सवय आपल्या हाडीमाशी खिळली आहे. विशीत ती शोभते. पासष्टीत, साखर आणि रक्तदाब सोबत घेऊन निघालेल्या माणसाने मात्र विमानतळावर खुर्ची शोधावी, ताट समोर ठेवावे, आणि सावकाश जेवून मगच पुढच्या विमानाकडे निघावे.